शेवटून वाचणारे वानखडे सर

वानखडे सर कुठलाही कागद शेवटून वाचायचे. वर्तमानपत्र असो, बँकेचं पत्र असो, की औषधाच्या डबीतला मुंगीच्या अक्षरांचा कागद असो. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांना दाखवायला नेली, तर त्यांनी आधी तळाची ओळ वाचली आणि म्हणाले, "जेवन दीडले लिहिलं हाये, म्हनजे अडीचले भेटते." नवरानवरीची नावं त्यानंतर. मला हसू आलं, पण ते गंभीर होते. "बाई, पहिल्या पानावर सारेच गोड बोलतात. मनातलं असते ते शेवटी असते." वऱ्हाडात लेकीलाही बाई म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

सर मूळचे अमरावतीकडचे. चंदीगडच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, इथेच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. भाजीवाल्याशी पंजाबीत बोलायचे, पण चाल वऱ्हाडी, त्यामुळे तो बिचारा दर वेळी "हांजी सरजी?" असं दोनदा विचारायचा. त्यांचा विषय होता शेजारी देशांची राज्यव्यवस्था: नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान, म्यानमार. कोण कसं राज्य करतं आणि मुख्य म्हणजे कसं सोडतं.

शहरात मराठी माणसांच्या मोठ्या संस्था आहेत, आमचं मंडळ त्यापुढे चिमुकलं. साठेक घरं, त्यात निम्मी फौजी, थोडी आयटीतली पोरं, आणि आमच्यासारखी कारखान्याच्या नोकरीमुळे आलेली. यजमानांची नोकरी इंडस्ट्रियल एरियात लागली म्हणून मी कराडहून इथे आले. मंडळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जमायचं. मी पहिल्यांदा गेले ती खरं सांगायचं तर पोह्यांसाठी. पोहे मिळाले, पण त्याआधी सरांचं भाषण ऐकावं लागलं.

त्या दिवशी भूतान होता. तिथल्या राजानं आपणहून सत्ता सोडायचं ठरवलं, पण लोकांना मत द्यायची सवयच नव्हती, म्हणून आधी लुटुपुटुची निवडणूक घेतली आणि पक्षांना रंगांची नावं दिली. सरांनी आमच्याकडूनही तशीच करून घेतली. हिरवा म्हणजे पोहे, पिवळा म्हणजे साबुदाण्याची खिचडी. मी विचारलं की तिकडे कुठला रंग जिंकला. ते म्हणाले, पिवळा, कारण पिवळा राजाचा रंग. मी पटकन बोलून गेले, "म्हणजे राजा जातो म्हणत होता आणि लोक त्याला धरून बसले?" सर माझ्याकडे बघतच राहिले. पोहे खाताना जवळ येऊन त्यांनी विचारलं, "बाई, तू किती शिकली?"

बारावी, म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. घरी बसून बीए, मग एमए. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल चोळत होत्या तेव्हा मी श्रीलंकेच्या घटनादुरुस्त्या पाठ करत होते. काकू, म्हणजे सरांची पत्नी, मला चहा द्यायच्या आणि सरांना दटावायच्या की पोरीला घरी स्वयंपाक आहे, सोडा आता. आज मी दोन वाक्यं नीट मांडू शकते, चारचौघांत उभी राहू शकते, ते या माणसामुळे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला कृतघ्न म्हणायला नको.

सरांच्या वहीत एक मोठा तक्ता होता. एकेका देशासमोर संसद, न्यायालय, लष्कर असे रकाने होते, आणि शेवटचा रकाना लाल शाईचा: 'जाणारा कसा गेला?' पाकिस्तानसमोर लिहिलं होतं की एकाही पंतप्रधानाला मुदत पुरी करू दिली नाही. नेपाळसमोर, राजा मुकुट ठेवून राजवाड्याबाहेर पडला. श्रीलंकेसमोर तर खाडाखोड होती, कारण तिथे दोन मुदतींची अट एकानं काढली आणि पुढच्यानं परत घातली. त्यावर सरांचं ठरलेलं वाक्य असायचं. "येनारा त हासतच येते. जानारा कसा जाते, ते पाहा. राज्य बंदुकीनं बुडते त्याहून जास्त वेळा दुरुस्तीनं बुडते."

मंडळाची नियमावली सरांनीच लिहिली होती. अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची, फार तर दोनदा. नंतर मावळत्या अध्यक्षानं नव्यासाठी खुर्ची स्वतः उचलून आणायची, गणपतीच्या सामानाच्या कपाटाची किल्ली नारळासकट द्यायची आणि पुढचं वर्षभर शेवटच्या रांगेत तोंड मिटून बसायचं. लोक हसायचे, पण पाळायचे. आमचे एक विंग कमांडर साहेब, लढाऊ विमानं चालवलेला माणूस, संक्रांतीच्या सभेत प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आले आणि वर्षभर मागे बसून शेंगा सोलत राहिले. ती खुर्ची त्यांनी आणली होती सरांसाठी. सर त्या दिवशी लहान मुलासारखे खूश होते.

सरांच्या दुसऱ्या मुदतीत काकू गेल्या. मुलगा अमरावतीला, घर रिकामं. मंडळ हेच त्यांचं सगळं झालं. मी तेव्हा सचिव होते. डबा द्यायला जायचे, तेव्हा ते दारातच म्हणायचे, "पुढची अध्यक्ष तू. मी खुर्ची आनतो, अन् शेवटच्या रांगेत बसून तुले पाहातो." एकदा नव्हे, दहादा म्हणाले. मला पद हवं होतं का? हो, हवं होतं. खोटं कशाला बोलू. कराडच्या बारावी पास पोरीसाठी वानखडे सर खुर्ची उचलून आणणार, हे चित्र मी मनात किती वेळा पाहिलं ते माझं मलाच ठाऊक.

वार्षिक सभेच्या आधी सरांचा फोन आला. सूचना सांगतो, लिहून घे म्हणाले. मागील सभेचं इतिवृत्त, अहवाल, हळदीकुंकू, गणपतीची वर्गणी. शेवटचा विषय त्यांनी त्याच आवाजात सांगितला: 'आनुषंगिक नियमदुरुस्ती व इतर विषय'. मी टाइप केलं, खाली माझं नाव घातलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. वाचलं नाही. सरांनी सांगितलेलं होतं, त्यात वाचायचं काय? माझा मुलगा चिडवत होता, "मम्मी, प्रेसिडेंट बनके हमें भूल मत जाना." मी भाषण पाठ करत होते आणि साडीला फॉल लावत होते.

सभा कम्युनिटी सेंटरच्या लॉनवर होती, उन्हात. तिळगूळ झाला, इकडची तिळाची गजक झाली, गुळपोळ्या झाल्या. निवडणुकीचा विषय यादीत नाही हे मला तिथे बसल्यावर दिसलं. तरी वाटलं, शेवटी 'इतर'मध्ये असेल. शेवटचा विषय आला तेव्हा लोक चपला शोधत होते. सर उभे राहिले आणि म्हणाले की संस्थेचं स्थैर्य लक्षात घेता मुदतीची अट काढावी आणि सध्याच्या अध्यक्षांनीच पुढे काम पाहावं, असा प्रस्ताव आहे. मोहालीच्या एका मुलानं अनुमोदन दिलं. सगळ्यांचे हात वर. चार मिनिटं लागली असतील.

आधी काय नियम होता, हे कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? आमच्याकडची माणसं बदलीवर आलेली. तीन वर्षांत फौजी घरं बदलतात, आयटीतली पोरं बंगळूरला जातात, अख्खं मंडळ नवं होतं. नियम ठाऊक असलेली माणसं दोनच उरली होती, सर आणि मी. म्हणून तर नियम कागदावर पाहिजेत, असं तेच सांगायचे. आणि मी, जिला घरात रेडिओ म्हणतात, गप्प बसले. सरांकडे बघत होते, एकदा तरी नजर देतील म्हणून. त्यांनी दिली नाही. माझा हात वर नव्हता, तरी इतिवृत्तात मी लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर'. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदाच डबा न घेता. म्हटलं, "सर, तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं ना, तर मी स्वतःहून थांबले असते. दोन वर्षं काय, दहा वर्षं थांबले असते. चोरून कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सांगतलं असतं त तू शेवटून वाचलं असतं, बाई."

म्हणजे त्यांनी हिशोब केला होता. साठ घरांत कागद वाचू शकणारी मी एकटी, आणि त्यांचा कागद मी वाचणार नाही, याची त्यांना खात्री होती. त्यांनीच मला वाचायला शिकवलं आणि त्यांनीच ताडलं की मी कुठे वाचणार नाही. कपाळ माझं. ते पुढे म्हणाले की घरी कोणी बोलायला नाही, मंडळात दोन तास तरी लोक सर म्हणतात. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला. मी सचिवपदाचा राजीनामा टीपॉयवर ठेवला. त्यांनी तो उचलला आणि सवयीनं शेवटून वाचला.

पुढच्या संक्रांतीच्या सभेत मी शेवटच्या रांगेत बसले. पहिलाच विषय असतो मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. नव्या सचिवानं भरभर वाचलं. 'एकमताने' आलं तशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "दुरुस्ती आहे. एक मत विरोधात होतं. माझं होतं, आणि मी ते लिहिलं नाही."

माना वळल्या. कोण ही बाई, असं नव्या लोकांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सरांनी मात्र या वेळी माझ्याकडे पाहिलं. "दुरुस्ती नोंदवा," ते सचिवाला म्हणाले. "एक विरुद्ध." आणि पुढच्या विषयाकडे वळले, त्याच खुर्चीवरून. आमच्यातलं शेवटचं बोलणं हेच, आणि तेही माझ्याशी नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात सर बाथरूममध्ये पडले. मुलगा आला आणि चार दिवसांत त्यांना अमरावतीला घेऊन गेला. कोणाला काही सोपवलं नाही. गणपती आठवड्यावर आले तेव्हा कळलं की कपाटाची किल्ली सरांच्या खिशातून अमरावतीला गेली. मार्केटमधून चावीवाला आणून कुलूप तोडावं लागलं. आत मखर होतं, समया होत्या, आणि खणात सरांची तक्त्याची वही. मी उघडून पाहिली. शेवटी आमच्या मंडळाचीही एक ओळ त्यांनी आखून ठेवली होती, केव्हाची कोण जाणे. लाल रकाना कोरा होता. मीही काही लिहिलं नाही, वही परत ठेवली. दिवाळीनंतर ते गेल्याचा निरोप आला. मी रडले, खूप रडले, पण माफ केलं असं म्हणता येणार नाही. ज्यानं उभं राहायला शिकवलं त्यानंच पाय ओढले, हे अजूनही रात्री-बेरात्री नव्हे, भर दुपारी भाजी निवडताना आठवतं आणि तोंड कडू होतं.

या संक्रांतीला मंडळानं मला अध्यक्ष केलं. खुर्ची आणणारं कोणी नव्हतं. एक तरुण कॅप्टन लगबगीनं उचलायला गेला, त्याला मी नको म्हटलं आणि सभा उभ्यानंच घेतली. मुदतीची अट त्याच दिवशी परत घातली.

आता आमची सचिव श्रुती आहे, आयटी पार्कमधली, हुशार पोर. परवा तिला मी फोनवर पुढच्या सभेची सूचना सांगितली. तिनं टाइप केली आणि म्हणाली, "काकू, टाकते हं ग्रुपवर."

"आधी शेवटून वाच."

"तुम्हीच तर सांगितलीत. त्यात वाचायचं काय?"

"मी सांगितली, म्हणूनच," मी म्हटलं, आणि ती वाचून होईपर्यंत फोन धरून बसले.