आमचा नसलेला मतदारसंघ

ग्लासगोतला आमचा मतदारसंघ आता नकाशावर नाही. गेल्या निवडणुकीआधी त्याचे तुकडे करून शेजारच्या तिघांना वाटून टाकले. ही बातमी वाचून आमचे हे दिवसभर जुना नकाशा उघडून बसले.

मला रागच आला. म्हटलं, "अहो, जिथे आपण कधी मत दिलं नाही, त्याचं एवढं काय?" बोलून गेले आणि वाईट वाटलं. त्या मतदारसंघाचा इतिहास ह्यांना तोंडपाठ होता. जहाजं बांधायचे तेव्हा कोण निवडून यायचं, ते कारखाने बंद पडल्यावर कोण आलं, नदीपलीकडच्या गल्ल्या कधी जोडल्या, सगळं. फक्त मत नव्हतं, कारण पासपोर्ट भारताचाच ठेवला होता. मतदार नोंदणीचा कौन्सिलचा फॉर्म आला की हे सुवाच्य अक्षरात लिहायचे, "आम्ही भारतीय, मताधिकार नाही." वर मला शिकवायचे, "अगं, पाहुण्यानं घरच्यांच्या भांडणात पडू नये."

एकदाच त्यांचा जीव तुटला. ज्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून उभं आयुष्य काढलं, ते बंद करायचं ठरलं. ते वाचवीन म्हणणारी एक बाई निवडणुकीला उभी राहिली आणि अगदी थोडक्यात पडली. तिथे आता फ्लॅट आहेत. हे त्या रस्त्यानं जात नाहीत.

गेल्या निवडणुकीत प्रचार करणारी एक मुलगी दारात आली. मी नेहमीचं सांगितलं, आमचे पासपोर्ट इंडियन आहेत.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे मत असतं."

हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते. "कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

आग लागो आमच्या शहाणपणाला! एवढा शिकलेला माणूस, कुणाला साधं विचारलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं होतं?

त्याच आठवड्यात आम्ही दोघांची नावं नोंदवली. मतदानाच्या दिवशी ह्यांनी सूट घातला. केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत होतं. टेबलामागच्या बाईनं भारताचा पासपोर्ट उघडून फोटो पाहिला, यादीत नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. वर नव्या मतदारसंघाचं नाव होतं. ह्यांनी पेन्सिलीनं एका नावापुढे फुली मारली, कागद पेटीत टाकला, बाहेर आले आणि शाळेच्या पायरीवर बसले.

"हॉस्पिटलच्या वेळी आपली दोन मतं होती गं," म्हणाले.

मीही मत देऊन आले आणि शेजारी बसले. ह्यांनी मला विचारलं, "एवढंच करायचं होतं?"