आगाऊ घेऊन ठेवलेलं हसू

आयुष्यात मी एकाच सेलिब्रिटीबरोबर सेल्फी काढला आणि तो सेलिब्रिटी नव्हता.

टीव्हीवरच्या गप्पांच्या एका कार्यक्रमाला आम्ही नवराबायको प्रेक्षक म्हणून गेलो होतो. स्टुडिओत पाहुण्याच्या सोफ्यावर एक उंच, गोरा, गॉगल लावलेला माणूस पाय पसरून बसला होता. मी धावत जाऊन त्याच्या शेजारी वाकलो, फोटो काढला, वर 'तुमचं काम मनापासून आवडतं' असंही म्हणालो. त्याचं काम होतं पाहुणा येईपर्यंत त्या जागी बसून राहायचं, म्हणजे लाइटवाल्यांना उजेड कुठे पडतोय ते कळतं.

"थँक यू काका," तो म्हणाला, "हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

हे सगळं कानाला हेडसेट लावलेल्या एका मुलीने पाहिलं. प्रेक्षकांना कुठे बसवायचं, कधी टाळ्या वाजवायला लावायच्या, हे तिच्याकडे होतं. "काकांमध्ये एनर्जी आहे, काकांना पुढे घ्या," असं म्हणून तिने मला पहिल्या रांगेत बसवलं. बायकोच्या साडीवर बारीक चौकटी होत्या, त्या कॅमेऱ्यात नाचतात म्हणे, म्हणून तिची रवानगी शेवटच्या रांगेत झाली. तिथून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला डोंबिवलीला घरी पोचल्यावर कळणार होता.

टीव्हीवरचे पाहुणे सांगतात त्या किश्शांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरी किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, केळवण असो, जेवणं झाली की मला खुर्ची देतात. त्यामुळे किस्सा घरचा आहे की बांधून आणलेला, हे मला वासावरून कळतं. त्या दिवशी तर पुरावेच दिसले. पाहुणा ज्या मगमधून मधेमधे घोट घेत होता, तो मग रिकामा होता. मी पहिल्या रांगेत होतो, मला तळ दिसत होता.

पण त्याआधीचं सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातून झालं. पाहुणा यायच्या आधी त्या मुलीने आमच्याकडून हसू काढून घेतलं. समोर एक फळी होती, तिच्यावर खडूने फुली मारलेली. त्या फुलीकडे बघून हसायचं. आधी नुसतं स्मित. मग दात दाखवून. मग पोट धरून. मग हसता हसता शेजाऱ्याकडे वळून 'काय हा माणूस' असा चेहरा. मांडीवर थाप मारून डोळे पुसायचं मी माझ्या मनाने घातलं. मुलगी म्हणाली, "परफेक्ट काका, हे लागेल आपल्याला." मी इतका खूश झालो की मागे वळून बायकोला खूण केली. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

मग पाहुणा आला, एक नट. चांगला माणूस वाटला. सासुरवाडीचा किस्सा सांगू लागला. अधिक महिना होता, सासूने जावयाच्या वाणासाठी अनारसे घातले, ते तुपात पडल्या पडल्या फुटून विखुरले. सासूने तो चुरा वाटीत भरला, वर चमचा ठेवला आणि म्हणाली, हा नवीन पदार्थ आहे. पहिल्यांदा कोणाचा तरी फोन वाजला, दुसऱ्यांदा माइक खरखरला, म्हणून हा किस्सा त्याने तीनदा सांगितला. तिन्ही वेळा तो एकाच शब्दापाशी अडखळला आणि एकाच ठिकाणी त्याला 'आत्ता आठवलं' होतं.

मी एकदाही हसलो नाही. विनोद बरा होता. पण मागच्या अधिकात माझ्या सासूबाईंचे अनारसे असेच हसले होते. अनारसा तुपात फुटला की आमच्याकडे तो हसला म्हणतात. आम्ही तो चुरा वाटीतून दूध घालून खाल्ला होता. आणि शेवटच्या रांगेतून त्यांची मुलगी माझ्या मानेकडे बघत होती. अशा वेळी शहाणा माणूस फुलीकडे बघतो.

एपिसोड लागला तो यंदाचा अधिक सुरू झाल्यावर. सासूबाई माजिवड्याला मेहुण्याकडे असतात. जावई टीव्हीवर दिसणार म्हणून त्यांनी मजल्यावरच्या चार बायकांना बोलावून ठेवलं होतं. आम्ही इकडे डोंबिवलीत टीव्हीसमोर. नट म्हणाला, "वर चमचा ठेवला." आणि पडदाभर मी. मांडीवर थाप, डोळे पुसणं, सगळं. आयुष्यात इतका मोठा मी कधी दिसलो नव्हतो.

बायकोने टीव्ही बंद केला.

"अगं, हे आधी घेतलेलं हसू आहे. तू होतीस ना तिथे."

"मी मागे होते. मला तुमचं टक्कल दिसत होतं. ते हसत होतं की नाही, मला काय माहीत?"

"पण फुलीकडे बघून हसायला लावलेलं, ते तरी बघितलंस ना?"

"मी पर्समध्ये क्रोसिन शोधत होते. बसमध्ये शीळफाट्यापासून डोकं धरलं होतं माझं."

सासूबाईंचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. दर अधिकाला त्या पहिल्या आठवड्यात बोलावतात. या वेळी महिना अर्धा सरत आला तरी काही नाही. मेहुण्याने बायकोला कळवलं, आईने तांदूळ भिजवलेच नाहीत. मला वाणाचं तसं काही नव्हतं. पण मागच्या खेपेला चुरा खाताना सासूबाई मुलीला म्हणाल्या होत्या, "पुढच्या अधिकात माझे हात चालले तर नीट करून घालीन." पुढचा अधिक आला होता, हात चालत होते, आणि त्यांनी ते आवरून घेतले होते. बायको त्या दिवसांत माझ्याशी अगदी नीट बोलत होती. चहा हवा का, दूधवाला आला का. एवढं नीट ती फक्त परक्यांशी बोलते.

त्यामुळे मीच म्हणालो, आपण जाऊ आणि मी आईंना समजावतो.

सासूबाई कोचावर बसल्या होत्या. पाणी आलं, चहा आला. मी विषय काढला.

"आई, तो कार्यक्रम. ते हसू त्या किश्शाला नव्हतं. आधी घेतलं होतं, नंतर जोडलं."

"म्हणजे गोष्ट सांगायच्या आधीच तुम्ही हसलात?"

"हो."

"कशाला?"

"हसा म्हणाले म्हणून."

"समोर कोण होतं?"

"कोणी नाही. फळीवर एक फुली होती."

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पंख्याकडे पाहत होती.

"फुलीला एवढे हसलात? मांडीवर हात मारून?"

"तसंच करतात आई. सगळं खोटं असतं. त्यांच्या मगमध्ये चहासुद्धा नव्हता."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग दाखवा हसून."

मला वाटलं, हीच संधी. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि सुरू केलं. स्मित, मग दात, मग पोट. मांडीवर थाप बसली तेव्हा मेहुणा आतल्या खोलीतून दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला. "काय झालं?" म्हणाला. आणि माझ्याकडे बघून त्यालाही हसू फुटलं. मी डोळे पुसून थांबलो. इतकं चांगलं मी स्टुडिओतही हसलो नव्हतो.

सासूबाई हसल्या नाहीत.

"आत्ता कशाला हसलात?"

"कशालाच नाही."

"पण अगदी खरं वाटलं हो."

"तेच तर सांगतोय आई."

मी सुटलो असं वाटून चहाचा कप उचलला. त्यांचं झालं नव्हतं.

"मग मागच्या अधिकात तो चुरा खाताना 'छान झालंय आई' म्हणालात, ते?"

"ते खरं होतं."

"आणि त्याच्या आधी? दर दिवाळीला, दर गणपतीला? लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे जेवलात की 'छान झालंय' म्हणता. अशीच मान हलवून."

"ते सगळं खरं होतं आई."

हे मी म्हणालो, पण नेमकं त्याच सुरात, तशीच मान हलवून. माझं मलाच ते संशयास्पद वाटलं. बहुतेक वेळा त्यांचं खरंच छान झालेलं असतं. मधूनमधून नसतंही. पण कुठल्या वेळी मी मनापासून म्हणालो आणि कुठल्या वेळी फुलीकडे बघून, हे आता मलाही सांगता आलं नसतं. मेहुणा तोंड पुसत परत आत गेला. तो या घरात रोज जेवतो, त्याने थांबणं बरं नव्हतं.

सासूबाईंनी माझ्या हातातला कप घेतला. चहा अर्धा होता.

"वाणाचे अनारसे विकतचे आणू या," त्या म्हणाल्या. "विकतच्याला कोणाला छान म्हणावं लागत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सुचलं असतं.

परत येताना शीळफाट्याला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे डंपर, मागे डंपर. मी बायकोला म्हणालो, निदान मी त्यांच्यावर हसलो नव्हतो हे तरी त्यांना पटलं. तिने पर्स उघडून क्रोसिन काढली.

मग म्हणाली, "उद्या सकाळी आईला फोन करते. सांगते, तुम्ही त्या अनारशांनाच हसला होतात, मी मागून बघितलं. तेवढं तिला झेपेल."