आमच्या घरचा दीर्घायुषी श्रावण

स्वस्ति श्री! अखिल-चंद्रपूर-मंडल-रस्सारसिक-चूडामणी, भूतपूर्व-सावजी-सम्राट, संप्रति बरबटी-भक्षक अस्मादिकांचा समस्त फेसबुकवासीयांस सविनय प्रणिपात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत घरोघरी मटण शिजले. आमच्याच घरी श्रावण संपला नाही. "साखर उतरेवरी आपल्या घरी सरावनच," असे सौभाग्यवतींचे फर्मान होते. तेव्हापासून ज्वारी, बरबटी ऊर्फ चवळी, जवसाची चटणी आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, हाच आमचा राजभोग.

आज रक्ततपासणीचा निकाल आला. साखर वाढली असती, तर गोळीही वाढणार होती.

"भाऊ, उतरली ना साखर! काय खाऊन राह्यले?" डॉक्टरांनी विचारले.

"कोमल वेणुअंकुर," मी गंभीरपणे वदलो.

"वास्ते मना ना सरळ!" ते हसले. "हा चोथा आपल्याले पचत नाई, पण आतड्यातले जंतू त्याच्यावरच जगते. त्यायचं पोट भरलं का साखरेलेही आवर बसते. पण फिरणं सोडू नोका."

विजयी मुद्रेने गृहप्रवेश करून मी रविवारच्या मटणाचा प्रस्ताव मांडला.

"सरावनानं उतरली ना साखर?" सौभाग्यवती उत्तरल्या. "मंग सरावन काऊन मोडाचा?"

या युक्तिवादाचे खंडन कोणा विद्वज्जनास साधल्यास त्वरित कळवावे. जंतुकल्याणावर माझी श्रद्धा आता अढळ आहे. फक्त हे कृतज्ञ जंतू उदरात जो वायू निर्माण करतात, त्याची वार्ता कार्यालयात सर्वांस पोहोचते. आणि तेथील आमच्या खोलीतला पंखा पोळ्यापासून बंद आहे. वायरमन रोज "उद्या येतो" म्हणतो.