मोठ्याने केलेली प्रार्थना

मी प्रार्थना चांगली करते, असं आमच्या चर्चच्या मंडळीत बोललं जायचं. गृहप्रार्थना कोणाच्याही घरी असो, शेवटी पाळकसाहेब माझ्याकडे बघून मान हलवायचे. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मी बोलायचं. माझ्या आवाजात म्हणे गोडवा आहे. त्या गोडव्याचं मी काय केलं, ते आज लिहिते. घरी अजून सांगितलेलं नाही.

माझी एक मैत्रीण शहाडला राहते. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. मुलगा डोंबिवलीचा, आमच्याच मंडळीतला, नोकरी पक्की. त्या मुलावर माझा डोळा होता. माझी मुलगी त्याच वयाची, आणि दोन वर्षं मी नाताळात त्याच्या आईला करंज्या पाठवत होते. त्यांनी करंज्या खाल्ल्या आणि मुलगी पसंत केली शहाडची.

मैत्रिणीने मला विश्वासाने सांगितलेलं, की मुलीला कॉलेजात असताना फिट्स यायच्या. गोळी चालू होती, तीन वर्षांत एकही आली नव्हती. "लपवायचं नाहीये गं मला," ती म्हणाली. "रविवारी उपासना झाली की त्यांच्या घरी जाऊन नीट सांगणार. डॉक्टरांचे कागदही नेणार. तोवर कुठे बोलू नकोस."

"वेडी आहेस का? मी कुणाला सांगणार?" मी म्हटलं.

त्याआधीच्या गुरुवारी तिच्याच घरी गृहप्रार्थना होती. मुलाची आई आलेली. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेच्या मुलांसाठी मागितलं, दिव्याला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या नळाला पाणी यावं म्हणून मागितलं, आणि त्याच आवाजात म्हटलं, "हे दयाळू पित्या, या घरातल्या आमच्या लेकीला फिट्सच्या आजारातून पूर्ण मोकळं कर."

"आमेन," लोक सवयीने म्हणाले. मुलाच्या आईचा आवाज आला नाही. मी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. मान वळवली तर मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे उघडे. मी प्रार्थना थांबवली नाही. देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत नेऊन संपवली.

मुलाच्या आईने चहा घेतला नाही. अ‍ॅसिडिटी होते म्हणाली. शनिवारी निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही.

मी शहाडला धावले. "अगं, प्रार्थनेच्या ओघात निघून गेलं. भानच राहत नाही तेव्हा."

मैत्रीण तांदूळ निवडत होती. "होतं असं," एवढंच म्हणाली. मुलगी आतून बाहेर आली.

"मावशी, देवाला माझी फाईल ठाऊक होती. तुम्ही कुणाला सांगत होतात?"

आईने तिला दटावलं. त्यानंतर ती मुलगी देवळात आली नाही. नाताळालाही नाही.

ओघ वगैरे काही नव्हता. ते वाक्य मी बुधवारी मेथी निवडताना तयार केलेलं. 'मिरगी' म्हणावं की 'फिट्स', यावरही विचार केला. मिरगी कानाला वाईट लागलं असतं. मला तर लोकांनी म्हणायला हवं होतं, बघा, किती मायेने मागते! रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवत आलेय, की मनात जे साठतं तेच ओठांवर येतं. माझ्याही आलंच की. प्रार्थनेसारखं दिसत होतं, म्हणून कुणी अडवलं नाही.

मुलाने पुढे पुण्याची मुलगी केली. माझ्या मुलीचा विषयही त्यांच्या घरात कधी निघाला नाही.

प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कुणाचा अपराध केला असेल तर आधी मिटवून या. सहा वर्षं ते ऐकून मी भाकर घेत आले. गेल्या महिन्यात जागेवरून उठवेना. दुपारी शहाडला गेले आणि सगळं सांगितलं. करंज्यांपासून.

"बुधवारी?" मैत्रिणीने विचारलं.

"हो."

"संध्याकाळी तू फोन केलेलास. खुर्च्या कमी पडतील का, विचारत होतीस. तेव्हा तयार होतं?"

"हो."

"मी तुझे डोळे बघितलेले. तरी स्वतःला पटवलं, नसेल हिच्या मनात. पोरीला तेच सांगत राहिले. ती म्हणायची, मुद्दाम केलं. मी तिलाच बोलायचे, तुझंच मन काळं आहे म्हणून. सहा वर्षं, अगं. तुझ्यासाठी."

"मी तिची माफी मागते. आज थांबते ना मी."

"आधी मला मागू दे. ती माजिवड्याहून, कामावरून सातला येते. त्याच्या आत तू नीघ."

मी उठले. तोंडाला जी सवय, ती सुटेना. म्हटलं, "मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना..."

"नको," ती म्हणाली. "आमच्यासाठी तू काही मागायचं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरले.