भट्टीच्या भिंतीवरचे डबे

पुण्याहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात रुजू झाले तेव्हा मला टर्बाइनच्या विभागात जायचं होतं. मिळाला ऊर्जा लेखापरीक्षणाचा कक्ष. कक्ष म्हणजे स्टोअरच्या मागची एक खोली, दोन टेबलं, तापमान आणि वीज मोजायची थोडी उपकरणं, आणि माझे साहेब. कारखान्यात वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते शोधायचं आणि ते कसं वाचवायचं हे सुचवायचं, एवढंच आमचं काम. बाकीचे लोक आम्हाला ‘बत्ती बुझानेवाले’ म्हणत.

साहेब मूळचे नागपूरचे. निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे, बोलायला अतिशय सावकाश. वरिष्ठांशी कुठल्याशा खरेदीवरून खटका उडाला म्हणून त्यांना या खोलीत आणून बसवलं होतं, असं मला पहिल्याच आठवड्यात तीन निरनिराळ्या लोकांनी सांगितलं. साहेबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. ते रोज आल्यावर उपकरणं मऊ फडक्याने पुसायचे आणि मला विचारायचे, “मग, आज कुठे जायचं फिरायला?”

मी कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्यात, लेडीज होस्टेलवर राहत होते. साहेबांचं क्वार्टर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्या पत्नी इंदूरच्या. मी होस्टेलच्या जेवणाबद्दल एकदा तक्रार केली, तेव्हापासून साहेबांच्या पिशवीत माझ्यासाठीही डबा यायला लागला. “तुझ्या काकूने दिलाय,” एवढंच म्हणून ते माझ्या टेबलावर ठेवत. ‘तुझी काकू’ हे नातं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही मोठ्या भट्टीचं काम हाती घेतलं. वेल्डिंग केलेले अवजड भाग त्या भट्टीत तापवून हळूहळू थंड करत. भट्टी जुनी होती. आतलं विटांचं अस्तर झिजलं होतं आणि बाहेरची पत्र्याची भिंत इतकी तापायची की जवळ उभं राहिलं तरी गाल शेकत. जळणाऱ्या इंधनाची उष्णता आतल्या कामाला लागायला हवी, पण तिचा चांगलाच हिस्सा त्या भिंतीतून बाहेर शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, जात होता. उपाय सरळ होता. आतून सिरॅमिक लोकरीचा जाड थर द्यायचा, म्हणजे भट्टीला रजई पांघरल्यासारखं.

शॉपचे इनचार्ज ग्वाल्हेरचे मराठी होते. भरघोस मिशा, खणखणीत आवाज. त्यांनी आमचा प्रस्ताव ऐकून घेतला आणि मान हलवली.

“देखिए मॅडम, तुम्ही पुण्याहून आलात, शिकलेल्या आहात. पण या भट्टीला हात नका लावू. अस्तर बदललं की तडे जातात. भट्टीतला जॉब, एखादा भाग, खराब झाला तर जवाब मला द्यावा लागेल.”

मी त्यांना दुसऱ्या कारखान्यांतली उदाहरणं दिली. लोकर तडकत नाही, हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, “बघू नंतर.” पुढच्या वेळी गेलो तर भट्टी चालू आहे म्हणून जवळ जाता येणार नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी इनचार्ज जागेवरच नव्हते. मी खोलीत येऊन चिडचिड केली. “या माणसाला काही ऐकायचंच नाही!”

साहेब फडकं झटकत म्हणाले, “नाही कशाला? ऐकतो तो. पण खरं कारण सांगत नाहीये. आपण जेवणाच्या सुट्टीत जाऊ.”

जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये जायचं मला कधी सुचलंच नव्हतं. हूटर वाजल्यावर आम्ही भट्टीच्या मागच्या बाजूला गेलो आणि मी थबकले. भिंतीच्या पूर्ण लांबीला लोखंडी पट्टी जोडून फळी केली होती आणि त्यावर डबे मांडले होते. पितळी, स्टीलचे, कपड्यात बांधलेले. एका टोकाला कुणाचे ओले मोजे वाळत होते. बाहेर डिसेंबरचं भोपाळ, धुकं अजून पुरतं निवळलं नव्हतं. इथे मात्र माणसं भिंतीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून बसली होती आणि गरम पोळ्या-भाजीचा वास सुटला होता. इनचार्जही त्यांच्यातच, मांडीवर डबा घेऊन. आम्हाला पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

साहेब पुढे झाले. चप्पल काढली, त्यांच्या शेजारी बसले, भिंतीच्या उबेकडे पाठ केली आणि म्हणाले, “वा. म्हणजे भानगड ही आहे तर.”

इनचार्ज ओशाळले. “साहेब, माझी माणसं गोविंदपुऱ्याच्या पलीकडून सायकलने येतात. सकाळी सहाला बांधलेली पोळी. तुमची रजई आली की यांना ठंडा खाना.”

माझ्या सगळ्या आकडेमोडीत हे कुठेच नव्हतं. मी भट्टीच्या पुढच्या भिंतीचं तापमान जागोजागी मोजलं होतं, पण भट्टीच्या पाठीमागे कधी डोकावले नव्हते.

साहेबांनी त्याच दिवशी कागदावर चित्र काढायला घेतलं. भट्टीचा तापलेला धूर तसाच चिमणीतून वर जातो. त्या धुराच्या नळीभोवती पत्र्याचं दुहेरी कपाट बसवायचं. धूर आत येणार नाही, फक्त बाजूने जाईल आणि कपाट तापेल. त्यात डबे ठेवायचे. अहवालात त्यांनी हे कपाटही लिहिलं, तेव्हा वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं.

“ऊर्जेच्या अहवालात जेवणाचे डबे कुठून आले?”

“सर, उष्णता कुठे जाते ते लिहायचं असतं ना?” साहेब त्यांच्या नेहमीच्या सावकाश चालीने म्हणाले. “ही डब्यांत जात होती.”

मंजुरी मिळाली. कपाट शॉपच्या वेल्डरांनीच उरल्यासुरल्या पत्र्यातून बनवलं आणि दारावर हौसेने स्वस्तिक काढलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जरा भीतभीतच डबे ठेवले. साहेबांनी आपला सगळ्यांत आधी ठेवला. मीही ठेवला.

दार उघडलं तेव्हा करपल्याचा भपकारा आला. कुणाचं प्लास्टिकचं झाकण वितळून पोळीला चिकटलं होतं. इनचार्जची कढी फुटून तिचं पाणी झालं होतं. कुणी हसेना. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साहेबांनी रुमालात धरून आपला डबा बाहेर काढला. काकूंची भरली वांगी काळी ठिक्कर पडली होती. ते खाली बसले आणि खायला लागले.

“भरली नाहीत आता,” ते म्हणाले. “पण भरीत म्हणून उत्तम.”

आधी इनचार्ज हसले, मग सगळेच. एक जण आपल्या घरून आणलेलं लोणचं साहेबांच्या डब्यात वाढून गेला. संध्याकाळपर्यंत नळीला एक झडप बसली, उष्णता कमी-जास्त करायला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मुद्दाम वांगीच दिली आणि ती नीट गरम होऊन आली.

अस्तराचं काम वार्षिक बंदच्या काळात झालं. भट्टी पुन्हा पेटवली तेव्हा आम्ही तिघं बाहेर उभे होतो. आत लालबुंद झाल्यावर इनचार्जनी भिंतीवर हळूच तळहात ठेवला. काढून घेतला. मग पुन्हा ठेवला आणि तसाच ठेवून आमच्याकडे पाहिलं. तडा कुठेही गेला नाही.

पुढे मे महिना आला. भोपाळचं ऊन कसं असतं हे मला तेव्हा कळलं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आमच्या खोलीच्या दारात इनचार्ज उभे, हातात काकड्यांची पिशवी.

“मॅडम, इतकी वर्षं उन्हाळ्यात त्या भट्टीजवळ उभं राहवत नव्हतं. आता माणसं तिथे बसून गप्पा मारतात. मला त्यांना उठवावं लागतं.” पिशवी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. “एक अर्जी आहे. शेजारी वाइंडिंगचा ओव्हन आहे ना, तारांची वेटोळी सुकवायचा, तो पण बघून घ्या. त्या इनचार्जला मी समजावतो.”

साहेबांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. नवं काम हाती घ्यायची त्यांना कुणाची सक्ती नव्हती आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एक काकडी निवडली, रुमालाने पुसली, मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

“चल,” ते उठत म्हणाले. “जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पोचू. तिथे कुणाचे डबे तापतात ते आधी बघू.”