पालीच्या माळावरचा निवडुंग

पुण्याच्या एका बागप्रेमी मंडळाने फोटोंची चढाओढ जाहीर केली. विषय काटेरी आणि मांसल झाडांचे समूह, आणि एका माणसाचा एकच फोटो. बायकोला म्हटलं, "ह्या खेपेला पदक आलं तर स्टुडिओ तरेल. नाहीतर तुझ्या वडिलांनी शोधलेली कारकुनी आहेच." आमच्या नगर जिल्ह्यातही निवडुंग पुष्कळ, पण तो कुंपणाचा, शाळेतल्या पोरांसारखा ओळीत उभा. मला घोळके हवे होते आणि ते मोगलाईत, निजामाच्या मुलखात, मिळतील असं ऐकून होतो. थंडी सरताच तात्याबाची बैलगाडी ठरवली.

सरहद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं लागतं. तिथल्या शिपायाने माझ्या काचांच्या पेटीवर काठी ठेवली.

"काय हाय ह्यात?"

"फोटोच्या काचा. उघडू नका, उजेडाने नासतील."

"काही काढलंय का त्यावर?"

"अजून नाही. कोऱ्या आहेत."

"मंग नासंल काय, बे?"

तात्याबाने त्याला तंबाखू मळून दिली, तेव्हा काठी उचलली गेली. जाणाऱ्यांनी आपले इंग्रजी कलदार रुपये इथेच मोडून निजामी हाली रुपये घ्यावेत. पुढे खेड्यांत मोड घेताना फसायला होतं. पाण्याची घागरही गाडीत असू द्यावी.

आष्टीला नेमका बाजार होता. ओढ्याकाठी घायपाताचे झुबके सापडले, पण कॅमेरा मांडला की बाजारकरी पुढे येऊन ताठ उभे राहत. एक फेटेवाला तर म्हणाला, "झाडाचं काय काढता? आमीच बरे दिसतो की!" त्यांना हटवता हटवता नाकी नऊ आले. फोटो निघाला तो नीटनेटका, पण अगदी निर्जीव. झुणका-भाकरी मात्र फक्कड होती.

तिथून पाटोद्यावरून मांजरसुंब्याचा घाट उतरलो. घाटात दगड इतके की गाडीत बसण्यापेक्षा मागून चालणं बरं. पालीला मुक्काम केला आणि सकाळी बिंदुसरेपलीकडच्या माळावर गेलो. तिथे मला हवं होतं ते सगळं होतं. फड्या निवडुंगाचे कमरेइतके घोळके, लग्नघरात बायका कोंडाळं करून बसतात तसे एकमेकांना टेकलेले. पदक इथेच आहे, हे मला दिसत होतं.

कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, तोच एक बाई तांब्या घेऊन आली आणि घोळक्यांच्या बुडाशी थोडं थोडं पाणी घालू लागली. मला हसू आलं.

"मावशी, निवडुंगाला कुणी पाणी घालतं का?"

"निवडुंगाला न्हाई घालत," ती न थांबता म्हणाली. "लेकरांना घालते."

ती पालीचीच गिरजाबाई. काही वर्षांमागे मानमोडीच्या तापाच्या साथीत गावातली तान्ही मुलं गेली. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर निवडुंगाची फडी ठेवतात. त्या फड्यांनी इथे मूळ धरलं होतं.

"माज्या लेकरावर येकच फडी ठिवलती," ती म्हणाली. "आता समदे येकमेकांत गेले. माजं कंचं ते वळखू येईना. म्हून समद्यास्नीच घालते."

मला लाज वाटली. मी कॅमेरा उतरवायला लागलो.

"कावून आवरता? ह्यातून नीट दिसतं का, दादा? माजं कंचं, ते दिसंल?"

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तिच्या डोक्यावर काळं कापड टाकलं आणि मागची दुधी काच दाखवली. ती बराच वेळ आत राहिली.

"समदं उलटं हाय."

"भिंगातून उलटंच येतं, मावशी. कागदावर मी सरळ करतो."

"माती वर गेली." तिचा आवाज बारीक झाला होता. "लेकरं वर हायती. आभाळाच्याबी वर."

बाहेर आली तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं. "काढा तुमी. पन सरळ नका करू. कुनाला दावली तर अशीच दावा."

मी हो म्हटलं आणि फोटो काढला.

घरी काच धुतली. असा फोटो माझ्या हातून पूर्वी कधी निघाला नव्हता. सरळ लावून पाठवला असता तर पदक माझंच होतं; उलट्या फोटोकडे परीक्षक ढुंकूनही पाहणार नव्हते. पालीहून पुण्याला कोण बघायला येतंय, हेही मनाला सांगून पाहिलं. शेवटी आष्टीचा घायपात पाठवला. त्याला काहीच मिळालं नाही.

आता मी कचेरीत जातो. वाईट वाटतं का? वाटतं, नाही कशाला म्हणू. पालीच्या फोटोची एक प्रत तात्याबाबरोबर गिरजाबाईकडे धाडली. दुसरी माजघरात उलटी टांगली आहे. बायकोने सुरुवातीला ती दोनदा सरळ केली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आता धूळ पुसायला ती तसबीर खाली काढते आणि परत टांगताना माती वर ठेवते.