माकडसरांचं खोटं

आमच्या माकडसरांना खोटं बोलता येत नसे. आणि खोट्याबद्दल त्यांच्याइतकं मायेनं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अड्याळला ते आम्हाला विज्ञान शिकवत. माणूस कुठून आला हे सांगताना ते इतके रंगून जात, की पोरांनी त्यांना हे नाव देऊन टाकलं. सरांनीही ते मुकाट्यानं ठेवून घेतलं.

एकदा ते सगळा वर्ग तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. एक टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे पळत होती आणि आम्ही खुळ्यासारखे तिच्यामागे. सरांनी हाक मारली, "मांगं पाहा! अंडे तिकडंच राहिले." मग तिथंच उभं राहून म्हणाले, "खोटं माणसानं नाही काढलं, बाप्पा. ज्याचं खोटं खपलं, त्याचेच पिल्लं वाचले. आपुन सारे त्याच पिल्लाइच्या वंशातले." तान्हं बाळसुद्धा उगाच रडतं, मधेच थांबून कुणी येतंय का पाहतं आणि पुन्हा सूर लावतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी घरी जाऊन धाकट्या भावावर ते ताडून पाहिलं होतं.

सरांचे स्वतःचे कान मात्र घात करत. काही लपवायची वेळ आली की लालबुंद होत. "शरीर चुगली करते," ते म्हणत, "म्हणूनच माणूस माणसावर भरवसा ठेवून राहिला." सोयरिकीसाठी कुणी मुलाची चौकशी करायला आलं, की सर सरळ सांगत, "पोरगा हुशार आहे, पण पेते." अशा दोन सोयरिकी मोडल्या. लोक चिडायचे, पण खरं काय ते हवं असलं की त्यांच्याच दारात यायचे.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. 'तब्येत सिरिअस आहे, निघून ये,' एवढंच म्हणतात. बाकीचं घरापुढची गर्दी सांगते. सरांच्या शेजारच्या प्रभाकरचे वडील गेले, तेव्हा त्यालाही असंच कळवलं. त्याला संशय आला. त्यानं नागपूरहून सरांना फोन लावला. "सर, तुमी खोटं नाही बोलत. बाबा आहेत ना?"

सर म्हणाले, "नाही. सकाळीच गेले."

प्रभाकर तसाच मोटरसायकलवर निघाला आणि वाटेत ट्रकखाली आला.

त्या दिवसापासून सर संपलेच. "पोहोचेपर्यंत पोराचे हात थरथरू नाही, एवढ्यासाठीच ते खोटं होतं," ते मला एकदा म्हणाले. "मले तेवढं देता नाही आलं." नोकरी होती तोवर शिकवलं, पण पोरांना तलावावर पुन्हा कधी नेलं नाही. निवृत्तीनंतर तर बोलणंच टाकलं. मला राग यायचा त्यांचा. असा माणूस असा विझून जावा, हे मला बघवत नसे.

मी तेव्हा भंडाऱ्याला नोकरीला होते. एका दुपारी सरांचा फोन आला. त्याआधी त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "बेटा, तुही माय सिरिअस आहे. निघून ये." थोडं थांबून म्हणाले, "पण घाई नको करू. स्कुटी तिथंच ठेव. बसनं ये, सावकाश."

सिरिअस माणसाकडे सावकाश ये म्हणून कुणी बोलावतं का? त्या एका शब्दानं आई गेल्याचं मला कळलं. तरी मी आवाज आवरून विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात, सर?"

"म्हणतात... पाहू."

एसटीत खिडकीशी बसून मी अड्याळपर्यंत रडले. थांबा जवळ आला तसा पदरानं चेहरा कोरडा केला.

सर थांब्यावर उभेच होते. मला खाली उतरू दिलं आणि म्हणाले, "मी तुह्यासंगं खोटं बोललो, बेटा. माय सकाळीच..."

"मले समजलंच नाही, सर," मी म्हणाले. "तुमच्यावर भरवसा ठेवूनच आली मी."

सर माझ्याकडे बघत राहिले. कितीतरी वर्षांनी तो चेहरा जरा सैल झालेला दिसला. "पोहोचली ना नीट," एवढंच म्हणाले आणि माझी पिशवी घेऊन घराकडे चालू लागले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आपल्याला एकदा तरी धड खोटं बोलता आलं, असंच समजून गेले.